आधी गोळी, मग नळी : पेंटबॉल खेळणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी

अमेरिकेतल्या आपल्या घरांतून मूल दहा-बारा वर्षांचे झाले की कधी ना कधी एक आमंत्रण येते. वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस, स्थळ गावाबाहेरचे पेंटबॉलचे मैदान, आणि सोबत पालकांनी सही करून द्यायचा एक कागद. त्यावर इजा, अपघात, जबाबदारी असे शब्द दाटीवाटीने छापलेले असतात. आपण जरा बिचकत सही करतो. संध्याकाळी मूल परत येते ते अंगभर नारिंगी रंग, दंडावर दोन निळे वळ आणि चेहऱ्यावर ओसंडून जाणारा आनंद घेऊन. रंगपंचमीत वाढलेल्या आईबापांना त्यात परके काही वाटू नये. पण महिन्याभरात "मला स्वतःचा मार्कर हवा" अशी मागणी सुरू होते, आणि मग घरात संशोधन चालू होते.

हे संशोधन बहुतेक घरांत एकाच दिशेने चालते. कोणता मार्कर? कोणत्या कंपनीचा? नळी किती इंची? चार-चार आठवडे यावर खल होतो. गोळ्यांचे काय, असे विचारले की उत्तर येते, "त्या काय, मैदानावर मिळतात, घेऊ स्वस्त बघून." माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. मार्कर एकदा घ्यायचा असतो, गोळ्या प्रत्येक खेपेला घ्यायच्या असतात. नेम चुकतो तो बहुतेक वेळा गोळीमुळे, नळी रंगाने बरबटते ती गोळीमुळे, आणि मैदानावर मोजून घेतलेला वेग दुपारून नकळत वाढतो तोही गोळीमुळेच. आणि या खेळात वेगाचा संबंध थेट डोळ्याशी आहे. म्हणून आधी गोळी समजून घ्यावी, आणि मग तिला साजेशी नळी पाहावी.

मी हे अधिकाराने सांगतो आहे ते खेळाडू म्हणून नव्हे. माझे नोकरीचे आयुष्य मऊ जिलेटिन कॅप्सूल बनवण्याच्या धंद्यात गेले. मुले खेळू लागली तेव्हा ती गोळी हातात घेतली आणि लक्षात आले की ही तर आपलीच ओळखीची चीज आहे. फक्त आत औषधाऐवजी रंग भरलेला आहे!

झाडावरून माणसावर

या खेळातल्या हत्याराला बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात, त्याला कारण आहे. १९७०च्या दशकात नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी या कंपनीने 'नेलस्पॉट ००७' नावाचे पिस्तूल बनवले. ते होते जंगल खात्यातल्या लोकांसाठी आणि गुरे पाळणाऱ्यांसाठी. तोडायच्या झाडावर लांबूनच खूण करायची, कळपातल्या हव्या त्या जनावरावर रंगाचा ठिपका उठवायचा, एवढेच त्याचे काम. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर या गावी बारा जण हीच पिस्तुले घेऊन रानात शिरले. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्नसी या तिघांनी हा डाव मांडला होता. प्रत्येक जण एकटा, रानात ठेवलेली निशाणे गोळा करायची आणि कुणाच्या गोळीला बळी न पडता बाहेर यायचे. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी, आणि त्याने म्हणे एकही गोळी झाडली नाही! आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. गोळ्यांचा पाऊस पाडणे म्हणजे पेंटबॉल, असा त्यांचा समज असतो.

त्या काळच्या गोळ्यांत तेलाचा रंग असे आणि तो काढायला टर्पेंटाइन लागे. पुढे खेळ लोकप्रिय झाल्यावर पाण्याने धुऊन निघणारा रंग आला. गोळीचे माप मात्र तेव्हा रूढ झाले तेच आजही सर्वाधिक चालते : .६८, म्हणजे ०.६८ इंच किंवा सुमारे १७ मिलिमीटर व्यास.

गोळीच्या आत काय असते?

लहानपणी माशाच्या तेलाच्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या आपल्यापैकी अनेकांनी नाक दाबून गिळल्या असतील. पेंटबॉल ही तिची थोरली बहीण. डेट्रॉइटच्या रॉबर्ट पॉली शेरर यांनी १९३३ साली एक यंत्र काढले. जिलेटिनच्या दोन ओल्या पट्ट्या दोन फिरत्या साच्यांमधून येतात, मधे द्रव सोडला जातो, आणि त्याच क्षणी साचे दाबले जाऊन बंद गोळी खाली पडते. औषधाच्या कॅप्सूल याच पद्धतीने होतात आणि पेंटबॉलही. म्हणून तर प्रत्येक गोळीवर मधोमध एक शिवण दिसते. ही शिवण जितकी सपाट आणि गोळी जितकी गोल, तितकी ती सरळ जाते.

आत असते पॉलिएथिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ, घट्टपणा आणणारे काही घटक आणि खाण्याच्या प्रतीचा रंग. तोंडात थोडा उडाला तर विषबाधा होत नाही. थुंकून चूळ भरली की झाले. पण घरात कुत्रा असेल तर सावध राहा. कुत्र्यांना या गोळ्या गोड लागतात. त्यांनी बऱ्याच खाल्ल्या तर आतले पदार्थ शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेतात, रक्तातले सोडियम वाढते, कापरे भरते, झटकेही येतात. गोळ्यांची पिशवी गराजमध्ये जमिनीवर ठेवू नये, आणि कुत्र्याने खाल्ल्याचा संशय आला तर वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा.

आता आपल्या मंडळात हमखास विचारला जाणारा प्रश्न. कवच जिलेटिनचे, आणि जिलेटिन येते जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून. त्यात डुकराचे आणि गाईबैलांचे, दोन्ही आले. माळकरी घरात किंवा कडक शाकाहारी कुटुंबात हे आधी माहीत असलेले बरे, म्हणजे ऐन मैदानावर मुलाची पंचाईत होत नाही. गोळी खायची नसते हे खरे, पण ती तोंडाजवळ फुटते हेही खरे. ज्याने त्याने आपला निर्णय घ्यावा. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी हल्ली पाणी शोषून फुगणाऱ्या मण्यांचा खेळ निघाला आहे. त्यांना 'जेल बॉल' म्हणतात, पण नावावर जाऊ नये. त्यात जिलेटिन नसते, पाणी धरून ठेवणारे एक कृत्रिम पॉलिमर असते. डोळ्यांचे संरक्षण मात्र तिथेही हवेच.

जिलेटिनचा स्वभाव एकदा कळला की पुढचे सगळे सोपे जाते. जिलेटिन हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की ते मऊ होते, फुगते; ओलावा गेला किंवा थंडी पडली की कडक आणि ठिसूळ होते. कारखान्यात आम्ही हवेतल्या दमटपणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो ते यासाठीच. म्हणजे पेंटबॉल ही लोखंडी छर्ऱ्यासारखी वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू नव्हे. तो भाजीपाला आहे. मंडईत आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो, तसेच इथेही पारखून घ्यावे लागते.

माप, वजन आणि मार

.६८ मापाची गोळी साधारण तीन ग्रॅम वजनाची असते. मैदानी खेळात वेगाची वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट मानली जाते. बरीच मैदाने ती २८० वर ठेवतात, आणि बंदिस्त जागेत त्याहूनही कमी. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. या वेगाच्या तीन ग्रॅमच्या गोळीत साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. दुसरे माप .५० चे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे. ती गोळी जेमतेम सव्वा ग्रॅमची, आणि त्याच वेगाला तिची ऊर्जा पाच ज्यूलच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पार्ट्यांसाठी अनेक मैदाने .५० चे मार्कर देतात. लहान मुलासाठी आमंत्रण आले तर "गोळी कोणत्या मापाची?" हा पहिला प्रश्न विचारावा. हलकी गोळी लांब जात नाही, वाऱ्याने लवकर भरकटते, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला लांबचा नेम साधायचाच कुठे असतो?

.६८ च्या मार्करमध्ये .५० ची गोळी चालत नाही. हे सांगायला नको असे वाटेल, पण ऑनलाइन मागवताना खोक्यावरचे माप न पाहणारे पुष्कळ असतात.

कोणत्या मार्करला कोणती गोळी?

गोळ्यांच्या प्रती ढोबळमानाने तीन. पहिली मैदानाची किंवा भाड्याच्या मार्करची : कवच जाड, धक्के सोसणारी, रंग पातळसर. दुसरी मधली. तिसरी स्पर्धेची : कवच पातळ आणि ठिसूळ, गोलाई उत्तम, रंग दाट आणि झळझळीत, म्हणजे अंगावरून पुसून "मला लागलीच नाही" म्हणायची सोय नाही. किंमत याच क्रमाने चढत जाते. साहजिकच वाटते की महाग ती चांगली. इथेच गडबड होते. चांगली गोळी म्हणजे आपल्या मार्करमधून न फुटता बाहेर पडणारी आणि समोरच्याच्या अंगावर मात्र नक्की फुटणारी गोळी. या दोन अटींमधला तोल प्रत्येक मार्करला वेगळा असतो.

पहिला प्रकार साध्या यांत्रिक अर्धस्वयंचलित मार्करचा. टिपमन ९८ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. भाड्याचे बहुतेक मार्कर याच जातीचे. यात मागे जड हातोडा असतो आणि त्याला जोडलेला बोल्ट. चाप ओढला की हातोडा पुढे येतो, बोल्ट गोळीला ढकलतो, वायू सुटतो आणि त्याच वायूच्या जोराने सगळे पुन्हा मागे जाते. गोळीला बसणारा हा धक्का दांडगा असतो. त्यातून वरचा डबा, म्हणजे हॉपर, साधा असेल तर गोळ्या केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतात. कधी गोळी अर्धीच उतरलेली असते आणि बोल्ट तिला मधोमध कापतो. अशा मार्करला जाड कवचाची मैदानी किंवा मधल्या प्रतीची गोळीच योग्य. स्पर्धेची गोळी यात घालणे म्हणजे बैलगाडीतून काचेची हंडी नेण्यासारखे आहे. एक गोळी नळीत फुटली की मागून येणाऱ्या दहा गोळ्या त्या रंगातून घसरत भलतीकडे जातात, आणि मूल म्हणते, "मार्करच खराब आहे!"

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक मार्करचा. यात बॅटरी, छोटा सर्किट बोर्ड आणि गोळी पूर्ण उतरल्याशिवाय बोल्टला पुढे न येऊ देणारा प्रकाशाचा 'डोळा' असतो. त्यातही 'स्पूल' पद्धतीच्या झडपेचे मार्कर गोळीला फार हळुवार पुढे नेतात. अशा मार्करला ठिसूळ, स्पर्धेच्या प्रतीची गोळी शोभते, आणि तिचा फायदाही मिळतो. मात्र हॉपरही तोलामोलाचा हवा. एका सेकंदात दहा-बारा गोळ्या पुरवणारा, बॅटरीवर चालणारा पण गोळ्यांना न चिरडणारा हॉपर नसेल, तर महागडी गोळी वरच्या डब्यातच फुटते. आता यांत्रिक असूनही आत स्पूल झडप असलेले मार्करही मिळतात; प्लॅनेट एक्लिप्सचा 'एमेक' त्यातला. नवख्या मुलासाठी हा मधला मार्ग बरा, कारण तो गोळीच्या बाबतीत फारसे नखरे करत नाही.

तिसरा प्रकार पंपाचा. प्रत्येक गोळीला हाताने पंप ओढायचा, मग चाप. नेलस्पॉटची परंपरा चालवणारे हे मार्कर हौशी लोक आजही आवडीने वापरतात. यात गोळी झाडण्यापूर्वीच नळीत जाऊन बसलेली असते. म्हणून नळीत तिची पकड नीट हवी. सैल असेल तर नळी खाली झुकवताच गोळी घरंगळून पुढे जाते. कधी तर जमिनीवर टप्पकन पडते. पंपवाल्याला कवच जाड की पातळ याची चिंता कमी, पण मापाची चिंता सर्वांत जास्त. शिवाय तो दिवसभरात झाडतोच थोड्या गोळ्या, तेव्हा त्याने चांगल्या प्रतीच्या घेतल्या तरी खिशाला परवडते.

चौथा प्रकार मॅगझिनचा. हॉपर नाही, खालून आठ-दहा किंवा वीस गोळ्यांची मॅगझिन लावायची. मॅगझिनमधली स्प्रिंग गोळ्यांना सतत दाबत असते. त्यामुळे फुगलेल्या, मऊ गोळ्या अडकतात आणि रात्रभर भरून ठेवलेल्या गोळ्या चपट्या होतात. मॅगझिन खेळाच्या आधीच भरावी. यातल्या काही मार्करमध्ये 'फर्स्ट स्ट्राइक' नावाची खास गोळी चालते. तिचा पुढचा भाग अर्धगोल आणि मागे शेपटीसारखे पंख. हवेत ती स्वतःभोवती फिरते आणि साध्या गोळीपेक्षा सरळ आणि लांब जाते. किंमत कित्येक पट. ती हॉपरमधून चालत नाही, त्यासाठी तशीच मॅगझिन आणि तसाच मार्कर लागतो. मैदानावर तिला परवानगी आहे का, हेही आधी विचारावे.

फुंकरीची परीक्षा

आता मापाची गंमत. खोक्यावर .६८ लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात गोळ्या ०.६८० ते ०.६९० इंचांच्या दरम्यान कुठेही असतात, आणि दमट दिवशी त्याहून फुगतातही. नळ्यांचे अंतर्व्यासही असेच वेगवेगळे. तीन हजारांश इंच म्हणजे साधारण माणसाच्या केसाची जाडी, आणि तेवढ्या फरकानेही वेग बदलतो.

हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. मार्करमधून वायू काढून टाकावा, नळी उलगडून वेगळी करावी आणि एका टोकाला गोळी ठेवावी. ती आपोआप घरंगळून दुसऱ्या टोकाने बाहेर पडली तर गोळी नळीला लहान आहे. जोर लावूनही पुढे सरकत नसेल तर मोठी आहे. जागीच टिकली, आणि तोंडाने एक बरी फुंकर मारताच सुळकन निघून गेली, तर जोडी जमली! एकाच गोळीवर विसंबू नये, पिशवीतल्या पाच-सहा गोळ्या तपासाव्यात. पाचही वेगवेगळ्या वागल्या तर ती पिशवी घेऊच नये.

वेगवेगळ्या अंतर्व्यासाच्या नळ्या किंवा नळीत बसवायचे आतले तुकडे संचाने मिळतात, ०.६७९ पासून ०.६९५ पर्यंतचे माप त्यात असते. नियमित खेळणाऱ्याला तो खर्च कारणी लागतो. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याला नाही. त्याने मैदानावरच्या दोन प्रकारच्या गोळ्यांतून फुंकरीने निवड केली तरी पुष्कळ.

ताजेपणा, हवा आणि साठवण

गोळी पारखण्याची दुसरी रीत म्हणजे ती टाकून पाहणे. खांद्याइतक्या उंचीवरून काँक्रीटवर सोडावी. स्पर्धेची ताजी गोळी पहिल्या-दुसऱ्या वेळी फुटते. मैदानी गोळी तीन-चार उसळ्या सोसते. चेंडूसारखी उसळतच राहिली तर ती दमट किंवा जुनी झाली आहे. गोळी हातात घेऊन नीट बघावी. एका बाजूने चपटी, खळगे पडलेली, तेलकट झालेली, किंवा हलवल्यावर आत हवेचा मोठा बुडबुडा फिरणारी गोळी नको. गोळी न फुटता उसळली तर खेळ बिघडतो आणि लागतेही जास्त, कारण फुटण्यात जी ऊर्जा खर्च व्हायची ती सगळी अंगावर येते. मुलाच्या दंडावरचे काळेनिळे वळ बघून आपण मार्करला दोष देतो, पण त्यामागे अनेकदा शिळी गोळी असते.

हवामानाचाही विचार करावा. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गोळ्या तासाभरात मऊ होतात. त्या सावलीत, बर्फ न घातलेल्या कूलरमध्ये ठेवाव्यात. मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या थंडीत उलटे. पारा पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेला की साधे कवच ठिसूळ होऊ लागते आणि नळीतच फुटते. थंडीसाठी वेगळ्या मिश्रणाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात, किंवा जाड कवचाची गोळी निवडून पिशवी कोटाच्या आत उबेला ठेवावी. कार्बन डायऑक्साइडवर चालणारा मार्कर असेल तर आणखी एक अडचण : भराभर झाडताना तो वायू मार्करलाच गारठवतो, आणि गोळी अधिकच ठिसूळ होते. दाबाखाली भरलेल्या साध्या हवेच्या टाकीला हा दोष नाही.

साठवण अशी करावी : घरातल्या तापमानात, कोरड्या जागी, पिशवी घट्ट बंद करून, आणि आठवड्यातून एकदोनदा पिशवी उलटीपालटी करून, म्हणजे खालच्या गोळ्या दबून चपट्या होत नाहीत. तळघर दमट असते, तिथे नको. फ्रीजमध्ये तर नकोच नको. दोन-तीन महिन्यांत वापरून टाकाव्यात. दोन हजार गोळ्यांचे खोके घाऊक भावात स्वस्त पडते म्हणून घ्यायचा मोह होतो. आपला मध्यमवर्गीय हिशेब तसाच चालतो. पण मूल एका दिवसात पाचशे झाडणार आणि पुढचा खेळ चार महिन्यांनी असेल, तर उरलेल्या दीड हजारांचे लोणचे घालता येत नाही. एका वेळेची पिशवी घेणेच शेवटी स्वस्त पडते.

गोळी बदलली की वेग बदलतो

आता सर्वांत महत्त्वाचे. मैदानात शिरताना प्रत्येक मार्करचा वेग क्रोनोग्राफ या यंत्रावर मोजतात. सकाळी नळीत सैल बसणारी गोळी होती, वेग २७५ आला, सगळे ठीक. दुपारी गोळ्या संपल्या, मित्राकडून दुसऱ्या कंपनीची पिशवी घेतली. ती नळीत घट्ट बसते. गोळीमागचा वायू आता कडेने निसटत नाही, आणि मार्करच्या एकाही स्क्रूला हात न लावता वेग मर्यादेच्या वर जाऊ शकतो. म्हणून घरातल्या मुलांना एक नियम पाठ करायला लावावा : गोळी बदलली की वेग पुन्हा मोजायचा. उन्हाने दिवस तापला तरीही मोजायचा.

हे इतके का महत्त्वाचे? क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूत पेंटबॉलच्या जवळजवळ दहापट ऊर्जा असते. पण चेंडू मोठा असल्यामुळे भुवईचे आणि गालाचे हाड त्याचा बराचसा मार अडवते. पेंटबॉल १७ मिलिमीटरची. डोळ्याची खोबण तिच्या दुपटीहून रुंद. मधे कोणतेही हाड न येता ती थेट बुबुळावर आदळते. या खेळात दृष्टी गमावलेल्या लोकांच्या नोंदी नेत्रवैद्यांच्या साहित्यात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्या क्षणी मुखवटा घातलेला नव्हता. कुणी काच धूसर झाली म्हणून क्षणभर वर केला होता, कुणी घरामागच्या अंगणात गंमत म्हणून खेळत होते. मुखवटा पेंटबॉलसाठीच बनवलेला, त्यावर एएसटीएम एफ १७७६ हे मानक लिहिलेले हवे. पोहण्याचा किंवा स्कीइंगचा गॉगल चालत नाही. काच दरवर्षी बदलावी, आणि धुके न धरणारी दुहेरी काच घ्यावी. मुखवटा वर करायचा मोह होतो तो धुक्यामुळेच.

दोन गोष्टींबद्दल मुलांशी स्पष्ट बोलावे. शाळेत एक आख्यायिका फिरत असते की गोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या की दगडासारख्या होतात. तशा होत नाहीत. आतला द्रव घरच्या फ्रीझरमध्ये बर्फासारखा गोठत नाही. कवच मात्र वेडेवाकडे आणि ठिसूळ होते, गोळ्या नळीत फुटतात आणि उरलेल्या भलतीकडे जातात. करून पाहणारा मैदानाबाहेर काढला जातो, ते वेगळेच. दुसरी गोष्ट गंभीर आहे. .६८ याच मापाच्या भरीव रबराच्या आणि नायलॉनच्या गोळ्या बाजारात मिळतात. काही सरावासाठी, काही स्वसंरक्षणासाठी. त्या हॉपरमध्ये सहज बसतात. त्या फुटत नाहीत. त्या कोणत्याही माणसावर, कोणत्याही अंतरावरून झाडायच्या नाहीत. मुलाने ऑनलाइन काय मागवले आहे ते खोके उघडून बघणे हे या बाबतीत पालकाचे कर्तव्यच आहे.

आणि जाता जाता, आपल्या मुलांच्या दृष्टीने एक सूचना. काळा रंगवलेला मार्कर लांबून खऱ्या बंदुकीसारखा दिसतो. घर ते मैदान तो पिशवीत बंद असावा, नळीच्या तोंडावर कापडी टोपण असावे, वायूची टाकी काढलेली असावी. अंगणात, पार्किंगमध्ये किंवा बसस्टॉपवर तो बाहेर काढायचा नाही. पोलिसाला तो खेळ आहे हे कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या मुलाला मिळेलच असे नाही.

मैदानावर जाताना

बरीच मैदाने बाहेरून आणलेल्या गोळ्या चालू देत नाहीत. तिथलीच घ्यावी लागते. ती महाग पडते, पण रोज खपत असल्यामुळे बहुधा ताजी असते. अशा ठिकाणी नव्या पालकाने काउंटरवर एवढेच करावे : माप विचारावे, भाड्याच्या मार्करसाठी मैदानी प्रत मागावी, पिशवीतल्या चार गोळ्या तळहातावर घेऊन त्या गोल आणि कोरड्या आहेत का ते बघावे, एक जमिनीवर टाकून पाहावी, आणि स्वतःचा मार्कर असेल तर नळीत फुंकर मारावी. तीन मिनिटांचे काम आहे. काउंटरवरचा पोरगा आधी चमकून बघेल. मग कळेल की गिऱ्हाईक जाणकार आहे आणि आतून ताजे खोके आणून देईल.

मार्करवर खर्च करायला ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा आधी चांगल्या मुखवट्यावर घालावा, मग ताज्या गोळ्यांवर, आणि उरलेल्यात साधा मार्कर घ्यावा. साधा मार्कर आणि त्याला जुळणारी ताजी गोळी, ही जोडी महागडा मार्कर आणि शिळी गोळी या जोडीला हमखास हरवते. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याचा नफा कुठे आहे हे त्याला चांगले ठाऊक आहे.